वाद्य चोरीला गेलं तर? सारसोळ्याच्या वादकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काय करायचं

लग्नसराई आली की सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे या गावांत हळदीची धामधूम सुरू होते. नेरूळच्या सेक्टरांमधल्या इमारतींनी वेढलेलं असलं, तरी सारसोळे आजही कोळी-आगरी गाव आहे, आणि इथे बेंजो पार्टी किंवा बँड नाही अशी हळद होत नाही. वाजवणारे मात्र सगळ्या समाजांतले असतात. मुंबई आणि आसपासच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोलक वाजवणारे मुस्लिम वादक पिढ्यानपिढ्या आहेत. काही जण हळदीत कीबोर्ड वाजवतात आणि उरूस आला की कव्वालीच्या पार्टीत हार्मोनियमवर बसतात.

कार्यक्रम संपून सामान आवरेपर्यंत मध्यरात्र होते. अंगातला जीव गेलेला असतो. मग "सकाळी उतरवू" म्हणून ऑक्टापॅड, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर टेम्पोतच राहतात. चोराला एवढंच पुरतं.

फोन चोरीला गेला तर त्रास होतो. वाद्य चोरीला गेलं तर रोजगारच थांबतो. सुपारी घेतलेली असते, आगाऊ पैसे खर्च झालेले असतात, आणि तारीख पुढे ढकलता येत नाही. म्हणून या विषयावर नीट माहिती द्यावी असं आम्हाला वाटलं.

चोराला सूर नाही, वजन कळतं

शहनाईचे बादशाह उस्ताद बिस्मिल्लाह खान यांचं २००६ साली निधन झालं. १५ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर ज्यांची शहनाई वाजली आणि २००१ मध्ये ज्यांना भारतरत्न मिळालं, त्या उस्तादांच्या शहनाया वाराणसीत मुलाच्या घरी जपून ठेवल्या होत्या. डिसेंबर २०१६ मध्ये त्या चोरीला गेल्या. त्यात चांदीच्या शहनाया होत्या. पुढच्याच महिन्यात उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकाने उस्तादांच्या नातवाला आणि दोन सराफांना अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार शहनाया १७,००० रुपयांना विकल्या गेल्या होत्या. पोलिसांच्या हाती लागली ती वितळवलेली चांदी, सुमारे एक किलो.

म्हणजे चोरीचा छडा अवघ्या महिन्याभरात लागला, तरीही शहनाया परत आल्या नाहीत. वितळलेल्या चांदीतून कोणता सूर काढणार?

बँडवाल्यांनी या घटनेतून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पितळेचं ट्रम्पेट किंवा युफोनियम भंगारात किलोवर जातं. इलेक्ट्रॉनिक सामान जुन्या बाजारात जातं. दोन्हीकडे सगळा खेळ वेळेचा आहे. खबर आधी पोचली तर वाद्य वाचतं. माल आधी पोचला तर संपलं.

वाद्याला आयएमईआय नसतो

मोबाईलला आयएमईआय नंबर असतो, गाडीला चेसिस नंबर असतो. ढोलकीला काय असतं? हार्मोनियमला काय असतं? इथेच बहुतेक वादक अडकतात. पोलीस विचारतात, "हे तुमचंच कशावरून?" आणि वादक म्हणतो, "साहेब, मी हात लावला की ओळखतो." त्याचं म्हणणं खरं असतं, पण कागदावर ते टिकत नाही.

मिरजेचं उदाहरण घ्या. तिथे शिकलगार समाजातल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि आज त्यांचं 'सितारमेकर' हे आडनाव देशभरातले गवई ओळखतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे मानांकन गावाच्या हुनराला असतं. चोरीला गेलेली नेमकी सतार कोणाची, हे त्यातून ठरत नाही. ती ओळख मालकानेच तयार करून ठेवायची असते. ती अशी:

प्रत्येक वाद्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. एका फोटोत वाद्य हातात घेऊन स्वतः उभे राहा.

कीबोर्ड, ऑक्टापॅड, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर यांच्या खाली किंवा मागे सिरियल नंबर असतो. त्याचा स्पष्ट फोटो घ्या. चांगल्या कंपनीच्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनवरही नंबर कोरलेला असतो.

नंबर नसलेल्या वाद्यावर खूण करा. हार्मोनियमचं झाकण उघडून आत, ढोलकीच्या खोडावर वादीखाली, अशा जागी नाव किंवा निशाणी कोरा. वरून लावलेलं स्टिकर चोर पहिल्यांदा काढतो.

जुने ओरखडे, बदललेली पट्टी, दुरुस्त केलेला सांधा, याचे जवळून फोटो घ्या. असा ओरखडा दुसऱ्या वाद्यावर तसाच सापडत नाही, म्हणून हाच सर्वात भक्कम पुरावा ठरतो.

खरेदीची पावती नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: वाद्य कोणाचं, काय काम केलं, तारीख, सही.

हे सगळं एकाच फोनमध्ये ठेवू नका, तो फोनही टेम्पोतच असू शकतो. घरी बायकोच्या, आईच्या, मुलाच्या फोनवर पाठवून ठेवा. एवढ्या कामाला अर्धा तास लागतो आणि एक पैसाही लागत नाही.

चोरी झाल्याच्या दिवशी

आधी ११२ वर फोन करा आणि टेम्पोला किंवा खोलीला फार हात लावू नका. मग लगेच जवळच्या सोसायट्या आणि दुकानांमध्ये सीसीटीव्हीसाठी विनंती करा. बहुतेक कॅमेऱ्यांचं जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे "पोलीस मागतील तेव्हा बघू" हे महागात पडतं.

चोरी सारसोळ्यात झाली असेल तर नेरूळ पोलीस ठाणं गाठा. पण समजा, कार्यक्रम पनवेलला होता आणि वाटेत कुठे चोरी झाली हेच माहीत नाही. तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. तक्रार ऑनलाइन दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या.

एक सावधगिरी बाळगा. कधी कधी 'वस्तू गहाळ झाली' असा दाखला हातात दिला जातो. गहाळ म्हणजे हरवली. चोरी म्हणजे चोरी. गहाळ दाखल्यावर तपास होत नाही आणि विम्याचा दावाही सहसा अडतो. तक्रार घेतलीच नाही तर त्याच कलमानुसार वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस उपायुक्तांकडे, पोस्टाने लेखी अर्ज करता येतो. तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

पाच हजारांची रेषा

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं साधं कलम ३०३ आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा किंमत परत केली असेल, तर फक्त समाजसेवेची शिक्षा होते. अशा छोट्या रकमेच्या प्रकरणाला कायद्याने अदखलपात्र ठरवलं आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत.

म्हणून तक्रारीत "जुनी ढोलकी, किंमत अंदाजे दोन हजार" असं सहज बोलून जाऊ नका. खोटी किंमतही सांगू नका. वाद्याबरोबर गेलेली पेटी, माइक, वायरी, स्टँड, सगळ्याची यादी करा आणि तशाच वस्तूची आजची किंमत काय आहे ते दुकानातून लिहून आणा. सामान घरातून, सामान ठेवण्याच्या खोलीतून किंवा मालवाहू टेम्पोतून गेलं असेल तर ते ठळकपणे लिहायला सांगा. अशा चोरीला कलम ३०५ लागतं आणि त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

सापडलं तरी लगेच मिळत नाही

वाद्य सापडलं की ते 'मुद्देमाल' होतं आणि पोलीस ठाण्यात जमा होतं. वादकाचा खरा जीव इथे टांगणीला लागतो. नवी मुंबईच्या पावसाळी दमट हवेत बंद खोलीत पडलेल्या ढोलकीचं चामडं सैल पडतं, हार्मोनियमचा भाता खराब होतो, पितळेवर हिरवा थर चढतो.

खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. न्यायालयात अर्ज करून वाद्य ताब्यात मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की जप्त वस्तू पोलीस ठाण्यात विनाकारण पडून राहू नयेत, पंधरा दिवस ते महिन्याभरात त्यांचा निर्णय व्हावा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्येही वस्तूचे फोटो आणि व्हिडिओ काढून ती लवकर सोडवण्याची तरतूद आहे. बंधपत्र लिहून द्यावं लागतं आणि बोलावलं तर वस्तू हजर करावी लागते. या अर्जातही पहिला प्रश्न तोच येतो: तुमचंच कशावरून? तेव्हा घरच्यांच्या फोनवर ठेवलेले फोटो कामाला येतात.

विमा घेताना

वाद्याचा विमा मिळतो, पण अटी वाचूनच घ्या. अनेक पॉलिसींमध्ये कुलूप फोडल्याच्या खुणा असतील तरच भरपाई मिळते, आणि माणूस नसलेल्या गाडीतून गेलेलं सामान धरलं जात नाही. आपल्याकडची चोरी तर बहुतेक वेळा तशीच होते. पैसे भरण्याआधी हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

भरपाईचा आणखी एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही. व्हायोलिनवादक मिन किम यांचं १६९६ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस २०१० मध्ये लंडनच्या यूस्टन स्टेशनवर चोरीला गेलं. किंमत सुमारे १२ लाख पौंड, आणि चोरांनी ते शंभर पौंडांना विकायला काढलं होतं. २०१३ मध्ये ते सापडलं. पण मधल्या काळात त्यांनी विम्याचे पैसे घेऊन दुसरं वाद्य घेतलं होतं. सापडलेलं व्हायोलिन त्यांना ठेवता आलं नाही, त्याचा लिलाव झाला. विमा कंपनीने पूर्ण भरपाई दिली की वाद्यावरचा हक्क साधारणपणे कंपनीकडे जातो. घरातल्या बुजुर्गांचं वाद्य असेल तर सही करण्याआधी याचा विचार करा.

स्वस्तात मिळतंय, घ्यायचं का?

चोरीचं वाद्य कोणीतरी विकत घेतं, म्हणूनच ते चोरीला जातं. विकणाऱ्याला साधी धून वाजवता येत नाही, पेटी नाही, चार्जर नाही, भाव निम्म्याहून कमी आणि घाई भारी, असं असेल तर हात आखडता घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेतला, तर कलम ३१७ नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अजाणतेपणी घेतला तरी तो आपला होत नाही. विकणाराच मालक नसेल तर घेणाराही मालक ठरत नाही, हे १९३० च्या माल विक्री कायद्यातच आहे. वाद्य जातं आणि पैसेही जातात.

आपल्या समाजातले अनेक जण भंगाराच्या आणि जुन्या सामानाच्या धंद्यात आहेत. कुर्ला असो की चोर बाजार, इमानदारीने धंदा करणाऱ्या दुकानदाराला चोरीचा माल नकोच असतो. म्हणून चोरी झाली की फोटो, सिरियल नंबर आणि एफआयआरचा क्रमांक त्या दुकानदारांपर्यंत त्याच दिवशी पोचवा. वाद्य दुरुस्त करणाऱ्यांनाही कळवा, कारण चोरीचं वाद्य कधी ना कधी त्यांच्याच टेबलावर येतं. मात्र माल कुठे दिसला तर स्वतः जाऊन भांडू नका, पोलिसांना सोबत घ्या.

तोवर घर कसं चालवायचं?

लाजेने गप्प बसू नका. ज्यांची सुपारी घेतली आहे त्यांना त्याच दिवशी फोन करा. लोक समजून घेतात, पण ऐन हळदीच्या संध्याकाळी कळलं तर घेत नाहीत. दुसऱ्या पार्टीकडून वाद्य मागा किंवा भाड्याने घ्या. उसनं आणलेलं वाद्य ही अमानत असते. ते कोणत्या स्थितीत आणलं, कधी परत करायचं, हे दोन ओळींत लिहून ठेवा.

नवीन वाद्यासाठी चढ्या व्याजाने पैसे काढण्याआधी भिशी, नातेवाईक किंवा जमातीतली कर्ज-ए-हसनाची सोय बघा. त्याहून चांगलं म्हणजे पार्टीतल्या सगळ्यांनी प्रत्येक सुपारीतून थोडी रक्कम बाजूला काढून एकत्र ठेवणं. आज एकाचं गेलं, उद्या दुसऱ्याचं जाईल.

आणि घरच्यांना एक विनंती. "एक ढोलकीच गेली, दुसरी घे" असं म्हणू नका. दहा-पंधरा वर्षं एकाच वाद्यावर बसलेल्या हाताला नवं वाद्य लगेच साथ देत नाही. थोडा वेळ द्या. तोवर घरात उरलेल्या वाद्यांचे फोटो काढायला त्यांना मदत करा. रात्री सामान टेम्पोतून उतरवायला घरातला एक हात जास्त मिळाला, तर तेही कुलुपाइतकंच कामाचं आहे.