डोके पुन्हा पुन्हा का दुखते?

अलिबागहून मुरुडला जाताना वाटेत काशीद लागते. पांढरट वाळूचा लांब किनारा आणि काठाला सुरूची झाडे. शाळांच्या सहली येथे येतात. परतीच्या बसमध्ये एखादा तरी मुलगा डोके धरून बसलेला असतो. ‘ऊन लागले’ असे म्हणून आपण विषय संपवतो. पण तेवढेच कारण असते काय?

त्याचा दिवस आठवा. पहाटे उठल्याने झोप अपुरी झाली. गडबडीत न्याहारी राहिली. कोरड्या वाळूवरून परावर्तित झालेला प्रकाश खालून डोळ्यांत शिरत होता. टोपीने तो अडत नाही. शिवाय घाम. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. पण दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. घाम नुसताच ठिबकतो. अंगातले पाणी जाते आणि अंग मात्र पुरेसे थंड होत नाही.

यांपैकी एखादे कारण सहन होते. चारही एकत्र आली की डोके ठणकते. अर्धशिशीची प्रवृत्ती असलेल्या मुलांना हा त्रास वारंवार होतो. नाव अर्धशिशी असले, तरी मुलांमध्ये पुष्कळदा कपाळाच्या दोन्ही बाजू दुखतात.

मग रोज गोळी घ्यावी का? २०१७ साली अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन प्रचलित औषधांमुळे अनुक्रमे ५२ व ५५ टक्के मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले. औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या गोळीने ६१ टक्के मुलांचे! वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेतल्यास तर त्यांनीच डोके दुखू लागते.

म्हणून प्रयोगवहीसारखी एक वही ठेवा. डोके दुखले की तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, जेवण, पाणी, ऊन आणि वाचन यांची नोंद करा. महिन्याभराने नोंदी ताडून पाहा आणि एका वेळी एकच सवय बदला. तुमच्या वयाला ८ ते १० तास झोप हवी. डोळेही तपासून घ्या. दूरदृष्टिदोष असलेल्याला फळा स्पष्ट दिसतो, पण पुस्तक वाचताना डोळ्यांच्या स्नायूंवर ताण पडतो.

मात्र डोकेदुखीने झोपमोड होणे, सकाळी उलट्या, अंधुक दिसणे, तापासह मान ताठणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास वही बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

आणि काशीदला गेलात, तर पोटभर न्याहारी करून निघा, पाण्याची बाटली घ्या आणि भर दुपारी सुरूच्या सावलीत बसा. समुद्र संध्याकाळीही तेथेच असतो!