मिश्र मलमे आणि झाकलेले दद्रू

जांघेतील वा कंबरेवरील गजकर्णाचा रुग्ण वैद्यांकडे येतो, तोवर त्याने बहुधा एखादे मिश्र मलम लावलेले असते. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड, मायकोनाझोल वा टर्बिनाफिनसारखे बुरशीनाशक आणि अनेकदा जोडीला एखादे जंतुनाशक, असे त्याचे घटक असतात.

स्टेरॉइडमुळे दाह व कंडू दोन-चार दिवसांत शमतात आणि रुग्ण बरे वाटले म्हणून मलम थांबवितो. परंतु त्वचेच्या बाह्य थरातील बुरशी जिवंतच असते. किंबहुना स्थानिक प्रतिकारशक्ती दबल्याने ती अधिक पसरते. लक्षणे उसळतात आणि तीच नळी पुन्हा विकत घेतली जाते. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे चट्टे उमटतात.

चरकाचार्यांनी दद्रूची गणना क्षुद्रकुष्ठांत केली असून कंडू, लाली, पिटिका व उंचावलेले मंडल ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. स्टेरॉइड नेमकी हीच लक्षणे पुसून टाकते. कडा अस्पष्ट होते आणि निदान चुकते. आधुनिक वैद्यक या अवस्थेस ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणते. भारतात आढळणाऱ्या, टर्बिनाफिनला अनेकदा दाद न देणाऱ्या बुरशीस 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे स्वतंत्र नाव मिळाले. तिच्या प्रसारास अशा मलमांचा गैरवापर हातभार लावतो, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे.

म्हणून वैद्यांनी प्रथम पूर्वी लावलेली नळी रुग्णास आणावयास सांगावी. मलम बंद केल्यावर लक्षणे काही काळ वाढू शकतात, याची पूर्वकल्पना द्यावी. अन्यथा दोष आपल्या औषधास लागतो व रुग्ण मलमाकडे परततो. शंका असल्यास खरवडीची सूक्ष्मदर्शक तपासणी करवावी. घरातील इतरांनाही तपासावे, कपडे व टॉवेल वेगळे ठेवण्यास सांगावे. व्याधी व्यापक असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवण्यात कमीपणा मानू नये.

औषध विक्रेत्यांची जबाबदारीही तेवढीच आहे. 2018 मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावावयाच्या स्टेरॉइडांना अनुसूची ‘एच’च्या कक्षेत आणले. चिठ्ठीविना त्यांची विक्री करता येत नाही. ‘खाजेचे मलम द्या’ एवढ्या मागणीवर नळी पुढे करणे म्हणजे व्याधी झाकून वाढविणे होय. आयुर्वेदीय म्हणून विकल्या जाणाऱ्या, परंतु घटक न छापलेल्या ‘तत्काळ गुणकारी’ मलमांबाबतही हीच सावधगिरी बाळगावी. त्यांत स्टेरॉइड निघाल्यास रुग्णाबरोबर शास्त्राचीही हानी होते.