दशांशचिन्हापलीकडचे कोटी

भारतात म्युच्युअल फंडांच्या दीड हजाराहून अधिक योजना आहेत. हिशेबासाठी नेमक्या दीड हजार धरू आणि त्यांतल्या पाच निवडून वॉचलिस्ट करू. अशा वेगवेगळ्या किती याद्या होतील? सुमारे ६३ लाख कोटी. सेकंदाला एक याप्रमाणे चाळत बसलो तर वीस लाख वर्षं लागतील. योगायोग असा की, २०२४ च्या जूनमध्ये देशातल्या सगळ्या फंडांकडे मिळून जेवढे रुपये होते, तो आकडाही ६१ लाख कोटींच्या आसपासच होता. जवळजवळ प्रत्येक शक्य यादीमागे एक रुपया!

एवढ्या पसाऱ्यात माणूस बिचकतो आणि सोपी वाट धरतो. गेल्या वर्षीच्या परताव्याप्रमाणे क्रम लावायचा आणि वरचे पाच उचलायचे. मला याची खरोखर काळजी वाटते, कारण तो रकाना होऊन गेलेल्या गोष्टीचा असतो. पुढची कित्येक वर्षं आपल्या पैशांवर अंमल गाजवणारा आकडा त्याच ओळीत, अगदी बारीक, दशांशचिन्हामागे बसलेला असतो : एक्सपेन्स रेशो, म्हणजे फंड दरवर्षी कापून घेतो तो खर्चाचा टक्का.

हा खर्च कुणी आपल्याकडे मागायला येत नाही. त्याचं बिल नाही, पावती नाही. रोजच्या रोज तो एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या मूल्यातून, वजा होतो आणि उरलेला आकडा आपल्याला दिसतो. आता दहा लाख रुपये तीस वर्षांसाठी ठेवले आणि वर्षाला १२ टक्के वाढ गृहीत धरली, तर काहीच खर्च नसताना त्यांचे जवळपास तीन कोटी होतात. खर्च ०.०५ टक्के असेल तर चारेक लाख कमी भरतात. १ टक्का असेल तर हाती येतात २ कोटी २९ लाख. आणि २ टक्के असेल तर १ कोटी ७४ लाख. म्हणजे सव्वा कोटी गेले! बारातले दोन म्हणजे सहावा हिस्सा, असं आपलं मन सांगतं. तीस वर्षांच्या चक्रवाढीत मात्र तो अंतिम रकमेच्या चाळीस टक्क्यांहून अधिक होतो. हे गणित मी कितीही वेळा केलं तरी दर वेळी नव्याने हादरतो.

१ जानेवारी २०१३ पासून जवळजवळ प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅन मिळतो. तीच योजना, तोच फंड मॅनेजर, तेच शेअर. फक्त वितरकाचं कमिशन नाही, म्हणून खर्च कमी. सल्ला देणारा, पडत्या बाजारात धीर देणारा माणूस असेल तर त्याने मेहनताना जरूर घ्यावा. पण तो किती, हे देणाऱ्याला रुपयांत ठाऊक असलं पाहिजे.

हीच नजर साऱ्या देशावर टाकली तर आकडे भोवळ आणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये एसआयपीतून २५,३२३ कोटी रुपये आले. रात्र धरून, रविवार धरून, दर सेकंदाला साधारण साडेचौऱ्याण्णव हजार! तेव्हाच्या सुमारे ६७ लाख कोटींच्या एकूण रकमेवर ०.०१ टक्का, म्हणजे यादीत आपण ज्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही तो शेवटचा अंक, वर्षाला ६७० कोटी रुपये होतो.

ही दशांशाची लढाई अमेरिकेत व्हॅनगार्ड कंपनीचे संस्थापक जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सुरू केली. निर्देशांकातलेच शेअर घेऊन खर्च कमी ठेवणाऱ्या, व्हॅनगार्डच्या पहिल्या इंडेक्स फंडासाठी अपेक्षा होती १५ कोटी डॉलरची, जमले जेमतेम १ कोटी १३ लाख. आज त्याच फंडात, त्याचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात खरेदी-विक्री होणारा प्रकार, धरून, एक लाख कोटी डॉलरहून अधिक रक्कम आहे. आपल्याकडे पहिला ईटीएफ, निफ्टीबीज, २००१ च्या अखेरीस आला. ऑगस्ट २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीचा काही भागही ईटीएफमध्ये जाऊ लागला, त्यामुळे डिमॅट खातं कधी न उघडलेल्या कामगाराचाही यात वाटा आहे. त्या ओघावर एसबीआयचा निफ्टी ईटीएफ दीड लाख कोटींच्या पलीकडे गेला. बाजारात रोजची खरेदी-विक्री मात्र निफ्टीबीजमध्ये जास्त होते. आकार मोठा म्हणजे उलाढालही मोठी, असं नाही.

म्हणूनच ईटीएफच्या ओळीत एक्सपेन्स रेशो पाहून थांबता येत नाही. साध्या फंडाचं युनिट दिवसअखेरच्या एनएव्हीला मिळतं. ईटीएफ सव्वानऊ ते साडेतीन, समोरचा विकणारा म्हणेल त्या भावाला. उलाढाल तुटपुंजी असेल तर खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांत फट पडते, आणि ०.०५ टक्क्याची सारी बचत एका व्यवहारात त्या फटीत जाते. परदेशी शेअरांच्या ईटीएफचं तर आणखी अवघड. फंडांना घालून दिलेली परदेशात गुंतवण्याची मर्यादा भरत आल्यावर नवी युनिट्स निघणं थांबलं, मागणी तशीच राहिली आणि काही ईटीएफ एनएव्हीपेक्षा कधी कधी दहा टक्क्यांहूनही चढ्या भावाने विकले गेले. तो चढा भाव पुढे ओसरला, तर १ टक्का खर्चाच्या फंडाने दहा वर्षांत घेतली असती एवढी रक्कम ईटीएफ विकत घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी मोजलेली असते.