घरचा ‘डोया’, पुस्तकातला ‘डोळा’

सातवीतली एक मुलगी शाळेत धडा वाचताना ‘पानी’ म्हणाली आणि वर्ग हसला. शिक्षकही हसले. त्या दिवसापासून तिने मोठ्याने वाचणेच सोडले. आमच्या विदर्भातल्या वस्तीत, समाजमंदिरात, आम्ही संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. तिथे ती पुस्तक छातीशी धरून गप्प बसायची. आई म्हणाली, “हिले थोडं व्याकरन शिकवा ना जी.”

व्याकरण म्हणजे विभक्तीचा तक्ता घोकणे, असेच आम्हीही शिकलो होतो. पण तक्ता पाठ असलेली मुले ‘फूलाला’, ‘दूधात’ लिहीतच राहिली. मग आम्ही जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापल्या. एका मुलाच्या हाती ‘फूल’, दुसऱ्याच्या हाती ‘ला’. ‘ला’ शेजारी येऊन उभा राहिला की पहिल्याने चिठ्ठी उलटायची, मागे ‘फुला’. फुलाला, दुधात, मुलांना, विटेवर. शेवटून दुसरा दीर्घ ई-ऊ प्रत्ययाआधी ऱ्हस्व होतो, हा नियम चार चिठ्ठ्यांनंतर मुलांनीच सांगितला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ‘गीत’, ‘दूत’ मात्र बदलत नाहीत: गीताला, दूताला. लेखनाचे नियम १९६२ साली ठरले आणि १९७२ मध्ये भर पडून अठरा झाले. अठराही एकदम सांगू नयेत, मुले पळून जातात!

प्रयोग शिकवायला तीन मुले पुरतात: कर्ता, कर्म आणि क्रियापद. क्रियापदाने ज्याचे ऐकायचे त्याचा हात धरायचा. ‘संजय भाकर खातो’, ‘सुनीता भाकर खाते’: हात कर्त्याचा. ‘संजयने भाकर खाल्ली’, ‘संजयने आंबा खाल्ला’: हात कर्माचा. मग ‘संजयने बोक्याला पकडले’, ‘सुनीताने मांजरीला पकडले’. क्रियापद झालेला मुलगा मधेच उभा. “हे तं कोनाचंच आयकत नाही!” भावे प्रयोगाची याहून सोपी व्याख्या आम्हाला पुस्तकात सापडलेली नाही.

वाचनासाठी जुन्या वर्तमानपत्रातल्या एखाद्या बातमीची वाक्ये कापून सुटी करतो आणि जोडीने क्रम लावायला देतो. ‘पण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ या शब्दांवर बोट ठेवून मुले भांडतात, आणि भांडता भांडता तोच उतारा पाच वेळा वाचून होतो. ज्या पालकांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनीही रोज दहा मिनिटे मुलाचे वाचन ऐकावे आणि एवढेच विचारावे: कोणी केलं? का केलं?

पण त्या मुलीचे तोंड यातल्या कशानेच उघडले नाही. उघडले ते दोन रकान्यांच्या वहीने. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. डोया, डोळा. शाया, शाळा. काया, काळा. फय, फळ. यादी वाढली तशी मुलेच ओरडली की पुस्तकात ‘ळ’ तिथे आपल्याकडे ‘य’ येतो. खाली पानी-पाणी, लोनी-लोणी आले तेव्हा ‘ण’ आणि ‘न’ची जोडीही दिसली. म्हणजे आजी बोलते ते काहीतरी चुकीचे नव्हे. त्यालाही नियम आहे. परीक्षेत पुस्तकी रूपच लिहावे लागते, हे आम्ही मुलांपासून लपवत नाही; गुण तिथेच जातात. म्हणून ‘मन’ आणि ‘मण’, ‘खान’ आणि ‘खाण’ अशा जोड्या म्हणून घेतो. ‘ण’ला जीभ मागे वळते, ती कुठे टेकते ते प्रत्येकाने आपल्या तोंडात शोधायचे. कोणी कोणाला हसायचे नाही, एवढा एकच नियम आमचा.

कथेतल्या पात्राचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहावे, अशी सोय लेखननियमांतही आहे. हे सांगितल्यावर त्या मुलीने आजीची एक गोष्ट लिहून आणली. विहिरीची गोष्ट होती. आजीच्या तोंडी ‘पानी’ आणि गोष्ट सांगणारीच्या तोंडी ‘पाणी’. तिने ती उभी राहून वाचली. आवाज लहान होता, मागच्या मुलांनी “मोठ्यानं, मोठ्यानं” म्हटले, तेव्हा तिने पहिल्यापासून पुन्हा वाचली.