कंबरदुखी, सुया आणि पुरावा

कापूस वेचताना दिवसभर वाकून कंबर धरलेल्या अकोला-अमरावतीच्या मजुराने ॲक्युपंक्चर घ्यावं का? जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरची जर्मन चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के, ठरलेले बिंदू टाळून वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के, तर औषधं-व्यायामाच्या नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना आराम पडला. म्हणजे सुईची नेमकी जागा फारशी महत्त्वाची ठरली नाही. ‘मग हा नुसता मनाचा खेळ,’ असा आक्षेप येतो. पण दुखणं मेंदूतच जाणवतं. स्पर्श आणि विश्वास यांनी ते हलकं झालं, तरी तो आराम खराच. म्हणून निर्जंतुक सुया वापरणाऱ्या प्रशिक्षित उपचारकाकडे जरूर जावं. मात्र पाय बधिर होत असतील किंवा ताप असेल, तर आधी डॉक्टर गाठावा.