रिपोर्ट हातात आल्यावर : प्रोलॅक्टिनचा आकडा

मागच्या आठवड्यात आपण टीएसएच पाहिलं. ज्या पिट्युटरी ग्रंथीतून ते येतं, तिथूनच प्रोलॅक्टिनही येतं. बाळंतिणीला दूध आणणं हे त्याचं मुख्य काम. एरवी बाईच्या रक्तात ते साधारण २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत असतं, पुरुषाच्या त्याहून थोडं कमी. पाळी लांबली म्हणून तपासणी करावी, ६० आकडा यावा आणि घरभर ‘मेंदूत गाठ’ची कुजबुज सुरू व्हावी, हे नेहमीचंच.

साठ आलं की आधी चौकशी करावी, आणि पहिली चौकशी औषधांची. आपल्याकडे ॲसिडिटीवर पॅन्टोप्रॅझोल आणि डॉम्पेरिडोनची एकत्र कॅप्सूल सर्रास घेतली जाते, पुष्कळदा चिठ्ठीशिवायच. प्रोलॅक्टिनला आवर घालतं ते डोपामिन, आणि डॉम्पेरिडोन त्यालाच अडवतं. मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोनही तेच करतं (म्हणून ते परस्पर बंद करायचं नसतं!). गरोदरपण, थायरॉइड कमी पडणं, सुईची धास्ती, नुकतीच झालेली झोप, यांनीही आकडा चढतो.

हे सगळं नसेल, तर तपासणीकडेच संशयाने पाहावं. काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिनला अँटिबॉडी चिकटून मॅक्रोप्रोलॅक्टिन नावाचा थोराड रेणू तयार होतो. तो शरीराबाहेर लवकर जात नाही, साचत राहतो; त्रास मात्र सहसा देत नाही. मशीन त्यालाही मोजतं. उलगडा अवघड नाही. नमुन्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल घालून सेंट्रिफ्यूज केलं की मोठे रेणू तळाशी बसतात, मग वरचा द्रव पुन्हा मोजायचा. मूळ आकड्याच्या ४० टक्क्यांहून कमी उरलं, तर बराचसा वाटा मॅक्रोप्रोलॅक्टिनचा. लक्षणं नसताना प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं, तर हे न करता एमआरआयला धाडणं मला उधळपट्टी वाटते.

उलट दिशेची चूक जास्त महागात पडते. या तपासणीत दोन अँटिबॉडी प्रोलॅक्टिनला दोन्ही बाजूंनी धरतात, वडापावातल्या वड्यासारखं. वडे बेसुमार झाले की पावाच्या प्रत्येक फोडीला स्वतंत्र वडा मिळतो, आणि जोडी जमतच नाही. मशीन मोजतं ते जमलेल्या जोड्या. त्यामुळे भल्यामोठ्या गाठीतून हजारोंनी प्रोलॅक्टिन येत असताना रिपोर्टवर ८० छापलं जाऊ शकतं. नमुना शंभरपट पातळ करून लावला की खरा आकडा बाहेर येतो. आकडा असा खोटाच कमी येण्याला हूक इफेक्ट म्हणतात. नव्या मशीनवर तो कमी दिसतो, पण संपलेला नाही.

८० पाहून गाठ प्रोलॅक्टिनची नाही असा समज झाला, तर फरक उपचारात पडतो. प्रोलॅक्टिनची गाठ बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते. नजरेच्या नसेवर दाब देणाऱ्या इतर मोठ्या गाठींसाठी बहुधा नाकातून शस्त्रक्रिया करावी लागते. लॅबला एमआरआय दिसत नसतो. तेव्हा गाठ मोठी असेल तर तपासणीच्या चिठ्ठीवर तसं लिहून ‘डायल्यूट करून लावा’ हेही डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

(पुढील भागात : कॉर्टिसॉल सकाळीच का तपासतात?)