व्हिसापुरतं जर्मन आणि संसारापुरतं जर्मन

कोल्हापूरच्या राजारामपुरीत संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी गाडी लावायला जागा मिळत नाही. इंजिनिअरिंग, स्पर्धा परीक्षा आणि आयईएलटीएसच्या पाट्यांच्या रांगेत आता जर्मनची पाटीही दिसू लागली आहे. कारण उघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांचं उद्दिष्ट ठेवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसासंख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचं जाहीर केलं.

घरात चर्चा होते ती पगाराची, घरभाड्याची आणि थंडीची. भाषेचा विषय मात्र ‘परीक्षा एकदा काढली की झालं’ एवढ्यावर मिटतो. जाणारा एकटा असेल तर हे कसंबसं निभावतं. बायको किंवा नवरा आणि पोरंबाळं बरोबर असतील तर निभावत नाही. व्हिसाला लागणारं जर्मन आणि संसाराला लागणारं जर्मन यांत मोठा फरक आहे. बहुतेक गैरसमज या दोन्हींची गल्लत केल्यामुळे होतात.

गैरसमज १ : जोडीदाराला ए१ लागतंच, आणि क्लासचं सर्टिफिकेट त्याला पुरतं.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धसत्यं आहेत. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात : ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. जर्मनीत नवरा किंवा बायकोकडे राहायला जाणाऱ्याने ए१ दाखवावं, हा नियम २००७ पासून आहे. पण त्याला सूट आहे. आधी गेलेल्याकडे युरोपीय ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना असेल, किंवा मान्यताप्राप्त पात्रतेवर मिळालेला कुशल कामगाराचा परवाना असेल, तर जोडीदाराला ही अट सहसा लागत नाही. आधी गेलेली व्यक्ती अजून प्रशिक्षणार्थी असेल, किंवा तिच्या नर्सिंगच्या पदवीला तिथली मान्यता मिळायची बाकी असेल, तर मात्र सूट गृहीत धरू नये. नर्स असलेली बायको आधी गेली आणि नवरा मागून निघाला, अशा घरांनी हे आधी तपासावं. अर्ज भरण्यापूर्वी मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाची ताजी यादी बघावी. शेजाऱ्याच्या मेव्हण्याचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव त्यासाठी उपयोगाचा नाही.

प्रमाणपत्राचंही तसंच. क्लासने दिलेला कागद व्हिसासाठी चालत नाही. गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मान्यताप्राप्त संस्थांची परीक्षाच द्यावी लागते. गोएथे संस्थेला आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन म्हणतात. पुणे आणि मुंबईत तिची केंद्रं आहेत. तिच्या ए१ परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं तपासतात. शंभरपैकी साठ गुण मिळाले की पास.

गैरसमज २ : ए१ काढलं की पुढचं तिथं गेल्यावर कानावर पडून येतं.

वस्तुस्थिती : ए१ म्हणजे नाव-गाव-पत्ता सांगणं, वेळ विचारणं, दुकानात वस्तू मागणं. स्वतः गोएथे संस्था ए१ साठी ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास धरते आणि बी१ पर्यंत पोचायला ३५० ते ६५० तास. म्हणजे रोज दोन तास, आठवड्यातून सहा दिवस नियमाने बसलं, तरी ४५ मिनिटांच्या सहाशे तासांना साधारण नऊ महिने लागतात. नोकरी, स्वयंपाक आणि आजारी मूल सांभाळून तर त्याहून जास्त. ‘तीन महिन्यांत बी१’ अशी जाहिरात दिसली की हा हिशेब मांडून बघावा.

कानावर पडून येण्याचीही एक अडचण आहे. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या बाजूला, रस्त्यावर श्वेबिश बोली ऐकू येते. पुस्तकातलं मराठी शिकून आलेल्या माणसाला कोल्हापुरात गंगावेशीत उभं केल्यावर जसं होईल, तसं तिथं पहिले काही महिने होतं. क्लासमध्ये पास झालेला माणूस बेकरीत गडबडतो, कारण बेकरीवाली वेगळं जर्मन बोलत असते.

एका बाबतीत मात्र मराठी माणसाला आयतीच मदत मिळते. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, मराठीतही आहेत. तू आणि तुम्ही यांतला फरक तिथंही आहे. गौण वाक्यांत क्रियापद शेवटी येतं, त्याचीही आपल्याला सवय आहे. जो विद्यार्थी जर्मन वाक्य आधी इंग्रजीत जुळवतो, तो ही सोय हातची घालवतो.

गैरसमज ३ : जर्मनीत सगळ्यांना इंग्रजी येतं, तेवढ्यावर भागतं.

वस्तुस्थिती : आयटी कंपनीत भागतं, सरकारी कचेरीत भागत नाही. जर्मन प्रशासनाची कायद्याने ठरलेली भाषा जर्मन आहे. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तो फॉर्म जर्मनमध्ये असतो. भाडेकरार, विम्याची पत्रं, बालवाडीच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांकडची वेळ हे सगळंही जर्मनमध्येच. त्यामुळे दिवसभर इंग्रजीत काम करून आलेल्या जोडीदारापेक्षा घरचा व्यवहार बघणाऱ्याला जर्मनची गरज जास्त पडते. भाषेवर खर्च होणारा पैसा आणि वेळ मात्र बहुतेक घरांत नेमका उलटा वाटला जातो.

कामावरही अट येतेच. नर्सिंगच्या पूर्ण परवान्यासाठी साधारणपणे बी२ लागतं. ब्लू कार्डवाल्याला कायमचा परवाना ए१ असेल तर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. भाषेच्या दोन पायऱ्या चढल्या की सहा महिने वाचतात. नागरिकत्वासाठीही बी१ मागतात.

गैरसमज ४ : मुलांची काळजी नको, ती सहा महिन्यांत फाडफाड बोलतात.

वस्तुस्थिती : उच्चार मुलं लवकर उचलतात हे खरं. पण ती सगळ्यांच्या आधी शिकतात, हे तपासून पाहिल्यावर टिकत नाही. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागल-होले यांनी १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास केला. पहिल्या वर्षात डच सर्वांत वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं. मोठी माणसंही मागे नव्हती. सर्वांत मागे होती तीन ते पाच वर्षांची. लहान वयाचा फायदा पुढं, बऱ्याच वर्षांनी दिसतो.

बालवाडीत घातलेलं मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, गप्पच राहतं. ते ऐकत असतं. घरी मराठीत मोकळं बोलत असेल, खेळत असेल, तर त्या गप्प राहण्याला घाबरू नये. जर्मनीत एक वर्षाच्या पुढच्या मुलाला पाळणाघराच्या जागेचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून आहे. प्रत्यक्षात अनेक शहरांत जागेसाठी वाट बघावी लागते, म्हणून नाव लवकर नोंदवावं. सुरुवातीचे दिवस आई किंवा वडिलांनी मुलाबरोबर तिथं बसायची पद्धत आहे. नव्या नोकरीतली रजा ठरवताना ते दिवस धरावेत.

शाळेचा प्रश्न याहून अवघड आहे. भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या : मैदानावर बोलायची भाषा आणि धडा समजायची भाषा. पहिलीला साधारण दोन वर्षं लागतात, दुसरीला पाच ते सात. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमिक शाळांत विभागली जातात. आठव्या-नवव्या वर्षी गेलेलं मूल तोपर्यंत मित्रांशी झकास बोलतं आणि तरी गणितातलं शाब्दिक उदाहरण त्याला अडतं. ते मूल ढ नसतं, त्याला अजून वेळ हवा असतो. शाळेत नवीन आलेल्यांसाठी तयारीचा वर्ग आहे का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारावं.

गैरसमज ५ : घरी मराठी बंद करावी, नाहीतर मूल मागं पडेल.

वस्तुस्थिती : ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. एकाच वाक्यात दोन भाषा मिसळणं हाही बिघाड नाही, ती द्विभाषिक माणसाची नेहमीची रीत आहे. मुलाला किती शब्द येतात हे मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. दोन्हीकडे मिळूनही बोलणं वयाच्या मानाने फारच कमी असेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. भाषा तोडून काही साधत नाही.

आईबापांनी घरात ए२ दर्जाचं मोडकंतोडकं जर्मन बोलून मुलाला नमुना मिळत नाही. उलट गोष्ट सांगणं, कारण विचारणं, समजूत घालणं हे सगळं आखडतं. आईबापांना जी भाषा पूर्ण येते, तीच घरात भरपूर बोलावी. मराठीत ‘का’ आणि ‘म्हणून’ पक्कं झालेलं मूल तीच विचाराची घडी जर्मनमध्ये वापरतं. अमेरिकेतल्या लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की घरची भाषा फार लवकर सुटली, तर पुढं मुलं आणि आईवडील यांच्यात बोलणंच उरत नाही. पोरगं पंधरा वर्षांचं झाल्यावर ते कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

मराठी टिकवता येते याचे दाखले आहेत. उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांनी हिब्रू शिकूनही मराठी जपली आणि तिथं मराठी नियतकालिकही काढलं.

गैरसमज ६ : मूल शिकलं की घराचं काम भागलं.

वस्तुस्थिती : दहा वर्षांच्या मुलीला आईच्या तपासणीला दुभाषी म्हणून नेलं, तर काही गोष्टी आई बोलत नाही आणि काही मुलगी सांगत नाही. शिक्षकांनी केलेली तक्रार मूल स्वतःच्या सोयीने भाषांतरित करतं, हा दुसरा भाग. कामापुरता दुभाषी मिळेल का, हे शाळेला आणि दवाखान्याला आधीच विचारावं. दोन नंबर मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत : तातडीसाठी ११२, आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर लागला तर ११६११७. आपला पत्ता आणि काय झालंय हे जर्मनमध्ये सांगायची चार वाक्यं प्रत्येक मोठ्या माणसाला आली पाहिजेत.

गैरसमज ७ : बरोबर गेलेल्याला कामाची परवानगी नसते, मग त्याने भाषा कशाला शिकायची?

वस्तुस्थिती : ही समजूत अमेरिकेवरून आली आहे. तिथं एच-४ व्हिसावरच्या जोडीदाराला सरसकट काम करता येत नाही. २०१५ पासून त्यांतल्या काहींनाच परवानगी मिळते. जर्मनीत कुटुंबाकडे राहायला गेलेल्या जोडीदाराला नोकरीची मुभा असते. अडतं ते भाषेवर. त्यासाठी २००५ पासून सरकारी इंटिग्रेशन कोर्स आहे. त्यात ४५ मिनिटांचे ६०० तास भाषेचे आणि १०० तास तिथल्या कायदा-इतिहास-समाजाच्या ओळखीचे. शेवटी बी१ पर्यंतची परीक्षा होते आणि ३३ प्रश्नांची आणखी एक चाचणी. कुटुंबासाठी पहिला परवाना मिळालेल्याला या कोर्सचा हक्क असतो, पण तो एका वर्षात वापरला नाही तर संपतो. ‘आधी घर लागू दे, मग बघू’ म्हणता म्हणता ते वर्ष सरतं.

गैरसमज ८ : भाषा पक्की असली की माणूस आपोआप रुळतो.

वस्तुस्थिती : आनंदीबाई जोशी यांची गोष्ट इथं आठवावी. त्यांचा कोल्हापूरशी दोनदा संबंध आला. पती गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीत कोल्हापुरात असताना अमेरिकेला जाण्याची खटपट चालू होती. पुढं १८८३ मध्ये आनंदीबाई गेल्या तेव्हा त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं. न्यू जर्सीत कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्यासारखं ठेवलं. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागाचं काम देऊ केलं होतं. रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्या गेल्या. भाषेने त्यांना शिक्षण दिलं. थंडी, अपुरा आहार आणि एकटेपणा यांच्याशी मात्र त्यांना वेगळं झुंजावं लागलं.

आज औषधं आहेत, विमा आहे. जर्मनीतल्या सरकारी आरोग्यविम्यात स्वतःची कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. तरी नोव्हेंबरात चार-साडेचारला पडणारा अंधार आणि बंद दुकानांचा रविवार यांवर व्याकरण हा इलाज नाही. त्यासाठी माणसं लागतात : मराठी मंडळ, पाळणाघरातल्या दुसऱ्या आया, संध्याकाळच्या क्लासमधले तुर्की किंवा युक्रेनी वर्गमित्र.

म्हणून तिकीट काढण्याआधी घराने तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. पहिल्या वर्षात कुणाचा क्लास किती वाजता, आणि त्या वेळी मूल कोण सांभाळणार. दुसरं, इंटिग्रेशन कोर्सचा अर्ज कोणत्या महिन्यात. तिसरं, मुलांना मराठीत कोण वाचून दाखवणार आणि कधी. बाजारहाटाची यादी आणि वजनाचा काटा यांवर घरं जेवढा वेळ घालवतात, त्याच्या निम्मा वेळ या कागदाला दिला तरी पहिलं वर्ष बरंच सोपं जातं.